मुलांसाठी शिक्षणसाहित्य करणाऱ्या छोट्या कंपनीतली नोकरी : अनुभव लिहा

शाईपेन

नोकरीबदलाच्या धाग्यावर मी याबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर तिघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की सविस्तर लिही. म्हणून हा वेगळा धागा.

मी सात वर्षं एका ११ माणसांच्या कंपनीत आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गणिताचं आणि वाचनाचं साहित्य आम्ही करतो. कृतिपुस्तिका, चित्रकार्डं, लाकडी पट्ट्या, अंकांचे ठोकळे, आणि हे सगळं एकत्र घालून केलेले संच. माझ्या नेमणूकपत्रावर 'संपादक' असं लिहिलंय. प्रत्यक्षात सकाळी मी सहा वर्षांच्या मुलाला कळेल असं एक वाक्य शोधत बसते, दुपारी चित्रकाराशी वाद घालते की बदकं सात मोजायची असताना सातवं बदक गवतामागे अर्धं का लपलंय, आणि शाळा उघडण्याआधीचे सहा आठवडे आम्ही सगळेच, कंपनी सुरू करणाऱ्या ताईंसकट, खोकी भरतो. ज्यांना आपलं काम आणि दुसऱ्याचं काम यांत स्पष्ट रेघ लागते त्यांना हे जड जाईल.

आमच्याकडे बुधवार हा मुलांचा दिवस. पालकांची लेखी परवानगी घेऊन पाच-सहा मुलं येतात. नवीन केलेली कुठलीही गोष्ट छपाईला जाण्याआधी त्यांच्यासमोर ठेवली जाते. एकजण मुलाशेजारी बसतो, दुसरा नोंदी करतो. मुलाला मदत करायची नाही हा नियम. सुरुवातीला मला नेमकं हेच जमायचं नाही. मूल अडलं की हात आपोआप पुढे जायचा. ताईंनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "तू मदत केलीस की पुस्तिकेतली चूक झाकली जाते. पुस्तिका मुलाच्या घरी जाईल तेव्हा तू तिथे नसशील."

वजाबाकीची एक कृती मी तीन आठवडे खपून केली होती. सूचना अशी होती : 'झाडावर राहिलेल्या पक्ष्यांना रंग द्या आणि उडालेल्या पक्ष्यांवर फुली मारा.' पहिल्या मुलीने सगळेच्या सगळे पक्षी रंगवले. दुसऱ्या मुलानेही तेच केलं. तिसऱ्याने रंगवून झाल्यावर मान वर करून विचारलं, "झालं?" पाच वर्षांच्या मुलाला एखादं काम कळलं की ते लगेच कामाला लागतं, वाक्याचा उरलेला भाग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्या दिवसापासून एका ओळीत एकच काम सांगायचं, हे मी कधी मोडलेलं नाही.

आता माझ्या एका चुकीबद्दल. घड्याळाच्या पानावर साडेतीन दाखवणाऱ्या चित्रात तासकाटा बरोबर ३ वर होता. तो ३ आणि ४ च्या मधोमध हवा. माझ्या नजरेखालून ते पान चार वेळा गेलं होतं. छपाईची मुदत आली म्हणून तेवढं एक पान बुधवारी दाखवायचं राहिलं. पुस्तिका घरोघरी पोचल्यावर एका आजोबांचा फोन आला. त्यांची नात म्हणत होती, हे घड्याळ बंद पडलंय. खरंच होतं तिचं. चालत्या घड्याळात एक काटा फिरतोय आणि दुसरा जागेवरच आहे असं होत नाही. उरलेल्या प्रतींसाठी आम्ही दुरुस्त चित्राचे स्टिकर छापून घेतले आणि तीन दिवस अकराही जण ते चिकटवत बसलो. गेलेल्या प्रतींसाठी शाळांना पत्रं पाठवली. मला कुणी एक शब्द बोललं नाही, पण पुढे कित्येक दिवस कुठलंही घड्याळ दिसलं की माझं लक्ष आधी तासकाट्याकडे जायचं.

याआधी मी एका मोठ्या प्रकाशनात होते. तिथे अशी चूक झाली असती तर तक्रार विक्री विभागाकडे गेली असती, तिथून कुठल्यातरी तक्त्यात, आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी मला एक ओळ दिसली असती. माझ्या आणि त्या नातीच्या मध्ये तिथे सात टेबलं होती. इथे एकही नाही. या नोकरीतलं सुख आणि या नोकरीतला ताण, दोन्ही मला यातूनच येतात.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा. पगाराबद्दलही लिहा, नुसतं गोड नको.

पाटीदप्तर

व्यनि करणाऱ्यांपैकी एक मी. खूप धन्यवाद.

माझी परिस्थिती सांगते. नऊ वर्षं सॉफ्टवेअर चाचणीत आहे. नऊच माणसं असलेल्या एका कंपनीकडून विचारणा आली आहे, मुलांच्या वाचनाचं अ‍ॅप आणि त्यासोबतची पुस्तकं असं त्यांचं काम. पगार आताच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. माझं मन तिकडे ओढ घेतंय, पण घरचे म्हणतात की कंपनी दोन वर्षांत बंद पडली तर काय करशील. मुलाखतीत नेमकं काय विचारावं?

उत्तररात्र

शाईपेन, छान लिहिलंय, आणि मला ते वाचून त्रासही झाला. कारण बुधवारसारखं काही आमच्याकडेही होतं, आणि तरीही मी तीन वर्षांत सोडून आलो.

आमच्याकडे एक वाक्य फार चालायचं : "आपण हे मुलांसाठी करतोय ना?" रविवारी यायचं, कारण मुलांसाठी. पगार वीस दिवस उशिरा, पण मुलांसाठी. वाढ नाही, नेमणूकपत्र नाही, सुट्टीचा हिशेब नाही, कारण 'आपण घरच्यासारखे आहोत'. मला मुलं आवडतात. म्हणूनच ते वाक्य माझ्यावर इतकं चालायचं. कामावरचं प्रेम हा पगाराचा भाग धरायचा नसतो, हे मला उशिरा कळलं.

पाटीदप्तर, या धंद्यातला पैसा कसा फिरतो ते आधी समजून घ्या. शाळांची मागणी वर्षातून एकदा येते, नवीन वर्ष सुरू होण्याआधी. त्यासाठी कागद, छपाई, लाकूडकाम याचा खर्च चार-पाच महिने आधी करावा लागतो. शाळा माल घेतात, पण पैसे त्यांच्या फी जमा झाल्यावर देतात. म्हणजे खर्च आधी, आणि जमा वर्ष निम्मं सरल्यावर. मधला खड्डा ज्या कंपनीने आधीच धरून ठेवलाय तिथे पगार वेळेवर होतो. ज्यांनी धरला नाही तिथे दरवर्षी त्याच दोन महिन्यांत पगार अडकतो, आणि दरवर्षी सगळ्यांना ते अचानक आलेलं संकट वाटतं.

तेव्हा एवढंच विचारा : गेल्या वर्षी सगळ्यात कमी जमा झालेल्या महिन्यात पगार कोणत्या तारखेला झाला? उत्तर देताना ते घुटमळले तर समजून जा.

कुंचला

चित्रकार म्हणून अशा तीन ठिकाणी काम केलंय, एकीकडे नोकरी आणि दोन ठिकाणी कामापुरती.

बदकाच्या मुद्द्यावर शाईपेन यांच्या बाजूने. मोठ्यांना अर्धं झाकलेलं बदक हे बदकच दिसतं. चार वर्षांचं मूल कधी चोच मोजतं, कधी शेपटी. मोजायच्या चित्रात प्रत्येक वस्तू पूर्ण दिसली पाहिजे, एकमेकींना चिकटता कामा नये. पानाची शोभा त्यात मार खाते, खाऊ दे.

दुसरं म्हणजे मांडणी. तीन वस्तू, फार तर चार, माणूस न मोजता एका नजरेत ओळखतो. पाचपासून पुढे मोजावं लागतं, नाहीतर ठरावीक आकृती लागते. फाशावरचा पाच आपल्याला लगेच कळतो तो त्याच्या मांडणीमुळे. सुरुवातीच्या पानांवर मी पाच वस्तू विखरून काढायचो, दिसायला मोकळं वाटायचं. मुलं तीच वस्तू दोनदा मोजत होती. मग दोन ओळींत काढायला लागलो, वर तीन, खाली दोन. पाच म्हणजे तीन आणि दोन हे त्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांनी पानावर पाहिलं.

मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा तो प्रसिद्ध प्रयोग आठवतो का? दोन ओळींत सारख्याच संख्येने सोंगट्या, मग एक ओळ लांबवायची. बरीच लहान मुलं म्हणतात की लांब ओळीत जास्त आहेत. हे वाचलेलं होतं, पण चित्र काढताना डोक्यात नसायचं. तुलनेच्या पानावर मी एकदा सहा फुलं दाटीने आणि पाच फुलं ऐसपैस काढली. मुलांनी पाचावर खूण केली. वरच्या वर्गासाठी तो चांगला प्रश्न झाला असता. पहिल्याच पानावर तो अन्याय होता.

मोठ्या कंपनीत मला फक्त यादी यायची : बदक ७, फूल ११. मूल कधी दिसलंच नाही. छोट्या ठिकाणी पैसे कमी मिळाले, पण चित्रकार म्हणून मी तिथे जेवढा सुधारलो तेवढा दुसरीकडे नाही.

वेलांटी

भाषेच्या बाजूने थोडं लिहितो. मी वाचनाच्या साहित्याचं काम पाहतो, आमच्याकडे एकूण चौदा माणसं.

बाहेरच्यांना वाटतं, लहान मुलांची पुस्तकं सोपी, कुणीही लिहील. आमच्याकडे एका फॉन्टवर दोन महिने चर्चा चालली होती. कारण 'ख'. कित्येक फॉन्टमध्ये 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. आपण शब्दाच्या ओघात वाचून जातो. अक्षर पहिल्यांदा भेटणारं मूल 'रवार' वाचतं आणि 'खार' म्हणावं की काय म्हणून आपल्या तोंडाकडे बघतं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', यांतला फरक डोक्यावरच्या एवढ्याशा रेघेचा. शिवाय अनेक तयार फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, आणि शाळेत बाई फळ्यावर वेगळेच काढतात. पहिल्या महिन्यात मुलाला दोन 'ल' कशासाठी दाखवायचे?

पहिली वेलांटी हा तर वेगळाच विषय. ती लिहायची अक्षराआधी, म्हणायची अक्षरानंतर. म्हणून 'कि' आधी आणायचा की 'की', यावर आम्ही कितीतरी वेळा बसलो. शेवटी काना आणि दुसरी वेलांटी आधी, पहिली वेलांटी मागून, असं ठरलं. बरोबरच आहे असा दावा नाही, आमच्या मुलांबरोबर ते चाललं.

आणि गणितवाल्यांसाठी : 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारं मूल हुशारच असतं. त्याने पाच आधी ऐकला, म्हणून आधी लिहिला. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो आणि दशक नंतर. जर्मनमध्येही असंच आहे, तिथेही पाच-आणि-वीस म्हणतात. 'एकोणचाळीस' त्याहून अवघड, त्यात चाळीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो तीन. दुसऱ्या भाषेतली कृतिपुस्तिका उचलून नुसते शब्द बदलले तर हे सगळं निसटतं. आमच्या कंपनीकडे असं भाषांतराचं मोठं काम आलं होतं. आमच्या मॅडमनी ते नाकारलं. त्या वर्षी आम्हाला पगारवाढ मिळाली नाही. तेव्हा राग आला होता, आज तो निर्णय मला पटतो. दोन्ही खरं आहे.

फळा

मी शिक्षक आहे, म्हणजे तुमचं साहित्य वापरणारा. तुम्ही सगळे मन लावून काम करता हे दिसतंय, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

माझ्या वर्गात ३८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. तुमचा संच उघडायला चार मिनिटं, वाटायला सहा, गोळा करायला आठ. राहिलेल्या वेळात शिकवायचं. एका संचात चाळीस तुकडे. दुसऱ्या महिन्यात त्यातला एक हरवतो, आणि कोडं पुरं होत नाही म्हणून सगळा संच कपाटात जातो. माझ्या शाळेच्या कपाटात असे नऊ संच आहेत. सुंदर आहेत सगळे.

बुधवारी तुम्ही पाच मुलं आणि दोन मोठी माणसं बसता. माझ्याकडे ते प्रमाण कधीच नसतं. तुमच्यापैकी कुणी अख्ख्या वर्गात, मागच्या बाकावर बसून, आपलं साहित्य पाहिलंय का?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीसाठी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले यांतूनच साहित्य उभं केलं. एक बी हरवली तर दुसरी उचलायची, खेळ थांबत नाही. तुमच्या महाग लाकडी पट्ट्यांपेक्षा हे शहाणपण मला मोठं वाटतं.

आणि मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली पहिली बालशाळा सुरू केली तेव्हापासूनचा एक साधा नियम आहे : चूक साहित्यानेच दाखवावी. त्यांचे मूठ असलेले लाकडी दट्टे ठोकळ्यातल्या आपापल्या भोकातच नीट बसतात. चुकीच्या जागी घातला तर शेवटी एक उरतो, आणि मूल स्वतःच परत बघतं. शिक्षकाला प्रत्येकाच्या बाकापर्यंत जावं लागत नाही. ३८ मुलांच्या वर्गात मला याहून मोठी मदत नाही. तरी संच असे येतात की उत्तर बरोबर आहे का हे फक्त माझ्याकडच्या पुस्तिकेत.

शाईपेन

फळा सर, तुमचा प्रतिसाद मी आज सकाळी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला.

उत्तर प्रामाणिकपणे देते. अख्ख्या वर्गात मी सात वर्षांत चार वेळा बसले आहे. चारही वेळा आम्ही येणार हे आधी कळवलेलं होतं, आणि शिक्षकांनी सगळं नीट मांडून ठेवलं होतं. तुम्ही म्हणता तो गोंधळ मी पाहिलेलाच नाही. माझ्या आणि मुलाच्या मध्ये कुणी नाही असं मी वर लिहिलं. ते बुधवारपुरतं खरं आहे. वर्गातल्या मुलाच्या आणि माझ्या मध्ये तुम्ही आहात, आणि तुम्हाला आम्ही विचारलं नाही.

हरवलेल्या तुकड्यांबद्दल : आम्ही दोन वर्षांपासून प्रत्येक संचात सगळ्यात जास्त हरवणाऱ्या तुकड्यांची जादा पिशवी घालतो. कुठले तुकडे हरवतात हे परत मागवणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून कळलं. सगळ्यात जास्त हरवतो तो शून्य. का, ते अजून समजलेलं नाही. पण जादा पिशवी ही मलमपट्टी झाली. एक तुकडा नसला तरी खेळ चालू राहील असं साहित्य मुळातच करणं, हे वेगळं. त्यावर शुक्रवारी बसतोय.

उत्तररात्र, पगाराबद्दल मी काही लपवणार नाही. आमच्याकडेही पूर्वी एक वर्ष पगार उशिरा झाले. ताईंनी तेव्हा सगळ्यांना बसवून वही दाखवली : एवढं येणं, एवढं देणं, या तारखेला होईल. तेव्हापासून शाळांकडून मागणीसोबत काही रक्कम आगाऊ घेतो. त्यामुळे काही शाळा सुटल्या. पगार मात्र पुन्हा अडकला नाही.

सुतारपक्षी

पाटीदप्तर यांच्यासाठी अ‍ॅपची बाजू, कारण ती पुस्तकापेक्षा वेगळी आहे.

मी आधी सहा आणि आता पाच माणसांच्या चमूत अ‍ॅप करतो. लहान मुलांचं अ‍ॅप तपासणं म्हणजे तुम्ही नऊ वर्षं केलंत त्यापेक्षा वेगळं काम. मूल एका हाताने पडदा धरतं तेव्हा अंगठा कडेवर टेकलेला असतो, आणि अ‍ॅपला वाटतं त्याने काहीतरी दाबलं. चार वर्षांच्या मुलाला ओढत नेऊन सोडणं जड जातं, मध्येच बोट उचललं जातं. मग वस्तू मूळ जागी परत उडी मारते आणि मूल समजतं की उत्तर चुकलं. गणित येत होतं, बोट घसरलं. आम्ही आता उचलणं-ठेवणं दोन वेगळ्या स्पर्शांत करतो.

सगळ्यात मोठा वाद होतो तो 'मूल किती वेळ थांबलं' या आकड्यावर. गुंतवणूक करणाऱ्यांना तो आकडा वाढताना बघायचा असतो. आम्हाला सुचवलं गेलं की रोज न चुकता आल्याचं बक्षीस ठेवा, एक दिवस चुकला तर सगळं शून्यावर. मोठ्यांच्या अ‍ॅपमध्ये हे सर्रास चालतं. आजारी पडून दोन दिवस न आलेल्या मुलाची अवस्था डोळ्यांसमोर आणा. चौघे विरोधात होतो, दोघे बाजूने. शेवटी आम्ही उलट केलं : तीन गोष्टी झाल्या की अ‍ॅपच म्हणतं, आजचं पुरे, उद्या भेटू. त्यानंतर एक गुंतवणूकदार निघून गेला. आम्ही सहाचे पाच झालो, आणि मला ते माहीत असूनही मी त्याच बाजूला राहिलो असतो.

याआधीही लोकांनी हे काम नीट केलंय. 'सेसमी स्ट्रीट' ही मुलांची अमेरिकन टीव्ही मालिका १९६९ साली सुरू झाली तेव्हा शिक्षणतज्ज्ञ, संशोधक आणि कार्यक्रम बनवणारे एकत्र बसत. त्यांच्यातले संशोधक एडवर्ड पामर यांनी मुलांना टीव्हीसमोर बसवून शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवली, आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हलते याची नोंद ठेवली. त्यांनीही लक्षच मोजलं, पण त्यावरून शिकवण्याचा भाग सुधारला. मोजणं वाईट नाही, ते कशासाठी चाललंय ते बघायचं.

मुलांच्या माहितीबद्दल जरूर विचारा. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत ही वयोमर्यादा १६ आहे, देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. मुलाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाचनाच्या अ‍ॅपमध्ये असणारच. ते कुठे साठतं, किती दिवस राहतं, कोण ऐकतं? नऊ माणसांच्या कंपनीत याचं उत्तर बहुधा एकाच माणसाकडे असतं. ते माणूस पुढे तुम्ही असाल.

भिंग

सुरक्षिततेवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं पूर्ण काम तेच आहे.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू आम्ही एका छोट्या नळकांड्यात टाकून बघतो. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१. दाबून न घालता, कशीही धरली तरी वस्तू त्यात पूर्ण मावली, की ती घशात अडकू शकते असं धरायचं. संच चार वर्षांच्या मुलासाठी असला तरी घरात धाकटं भावंड असतं. 'वय ४ आणि पुढे' ही ओळ त्या भावंडाला वाचता येत नाही.

अक्षरांच्या मागे लावायचे लोहचुंबक सगळ्यांना आवडतात. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत फाटू शकते. बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं. यांतलं काहीही असेल तर मी संच अडवते. छपाईच्या दोन दिवस आधीही अडवला आहे. मोठ्या ठिकाणी अडवण्याचा अधिकार कागदावर असतो. छोट्या ठिकाणी तो तुमच्या आणि मालकाच्या नात्यावर असतो. माझे सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, संध्याकाळी येऊन म्हणाले, सेल काढून टाका. मी अजून तिथेच आहे ती त्या संध्याकाळमुळे.

आणि जिथे मुलं येतात तिथे मोठं माणूस मुलासोबत एकटं बंद खोलीत बसत नाही, हा नियम आहे का ते विचारा. नसला तर इतर काही विचारू नका, जाऊ नका.

उत्तररात्र

भिंग, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

सुतारपक्षी आणि वेलांटी, तुम्ही दोघांनी 'पैसे गेले तरी निर्णय बरोबर होता' असं लिहिलंय. मला एक विचारायचंय. तो निर्णय घेताना ज्यांचे पैसे जाणार होते त्यांना कुणी विचारलं होतं का?

वेलांटी

नव्हतं विचारलं. मॅडमनी ठरवलं आणि सांगितलं. तुमचा प्रश्न रास्त आहे. विचारलं असतं तर मी बहुतेक हो म्हणालो असतो, पण ते 'हो' माझं असतं.

सुतारपक्षी

आम्ही सहाही जण खोलीत होतो. जो गेला तो बाजूने मत दिलेल्यांपैकी होता. त्याला तीन महिन्यांचा पगार देऊन पाठवला. त्याच्याशी माझं आजही बोलणं आहे. पण त्याच्या घरी त्या महिन्यांत काय झालं ते मी त्याला कधी विचारलेलं नाही.

फळा

शाईपेन, एक विनंती. पुढच्या वेळी शाळेत न कळवता या. मुख्याध्यापकांची परवानगी मी काढून ठेवतो, तारीख मात्र मला सांगू नका. दुपारनंतरचा तास घ्या, सकाळचा नको. सकाळी सगळी मुलं चांगलीच असतात.

शाईपेन

नक्की येते. सोबत आमचे लाकूडकाम बघणारे दादाही येतील. ते कधीच वर्गात गेलेले नाहीत.

पाटीदप्तर

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले, जसं झालं तसं लिहिते.

पगाराच्या तारखेचा प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं, गेल्या वर्षी एका महिन्यात बारा दिवस उशीर झाला होता, आणि कुठला महिना तेही सांगितलं. घुटमळले नाहीत. आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं तर त्यांचा प्रोग्रॅमर म्हणाला की सध्या ते काढून टाकण्याची मुदतच ठरवलेली नाही, ठरवायला हवी. माझ्यासमोर लिहून घेतलं त्याने. बंद खोलीचा नियम आहे, मुलं बसतात त्या खोलीला काचेची भिंत आहे.

मग मी विचारलं, मला मुलांसोबतचं सत्र बघता येईल का. बसू दिलं. एक मुलगी गोष्ट वाचत होती. 'घर' आलं, तिने 'धर' वाचलं, अ‍ॅपने काही न बोलता घराचं चित्र किंचित हलवलं. तिने चित्राकडे पाहिलं, परत अक्षराकडे पाहिलं, आणि बोटाने पडद्यावर 'घ'ची वरची रेघ हळूच गिरवली. मग म्हणाली, 'घर'. शेजारी बसलेल्या बाईंनी हात मांडीवरच ठेवले होते. मला शाईपेन यांचा बुधवार आठवला.

घरी येऊन हिशेब केला. एक तृतीयांश कमी पगारात आमचं दीड वर्ष निभेल, त्यापुढे नाही. तसं त्यांना मी कळवलंय, दीड वर्षानंतर पगाराचा फेरविचार होईल हे नेमणूकपत्रात लिहून हवं म्हणून. सोमवारी पत्र येईल असं म्हणाले आहेत.

उत्तररात्र

पत्र आलं की सही करण्याआधी सुट्ट्यांचं कलम वाचा. अडचण वाटली तर व्यनि करा, मी रात्री जागा असतो.